न ऐकलेले सहा कोटी स्पंद

२८ जून २०२४, शुक्रवार. मांडवी, वडोदरा

परवा रविवारी बी१२५९−६३ हा पल्सार त्याच्या जोडीदार ताऱ्याच्या सर्वांत जवळून जाईल. तारीख मी स्वतः काढून पाहिली. ७ मार्च २००४ ला तो असाच जवळ आला होता. त्या वेळेत १२३६.७२४५ दिवस सहा वेळा मिळवले की ३० जून २०२४ ची संध्याकाळ येते. आपल्याला कळणारी संध्याकाळ, अर्थात. तिथे हे सगळं घडून हजारो वर्षं झाली. बातमी इथवर यायलाच साधारण साडेआठ हजार वर्षं लागतात.

हा पल्सार म्हणजे एका मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त, पण आकार एखाद्या शहराएवढा. दर ४७.७६ मिलिसेकंदांनी तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि प्रत्येक गिरकीत त्याच्या रेडिओलहरींचा झोत एकदा पृथ्वीवरून फिरतो. एका दिवसात असे १८ लाख स्पंद येतात. बहुतेक पल्सार एकटे असतात. ज्यांना जोडीदार असतो त्यांचा जोडीदारही बहुधा विझलेला, श्वेतबटू किंवा दुसरा न्यूट्रॉन तारा असतो. या पल्सारचा जोडीदार मात्र जिवंत आहे: एलएस २८८३ नावाचा निळा, तापलेला, प्रचंड वस्तुमानाचा तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीतून सायमन जॉन्स्टन, रिचर्ड मँचेस्टर आणि सहकाऱ्यांनी ही जोडी शोधली आणि १९९२ मध्ये जाहीर केली. अशा धगधगत्या ताऱ्याभोवती फिरणारा रेडिओ पल्सार तोवर कोणाला ठाऊकच नव्हता.

हा जोडीदार तारा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की विषुववृत्तापाशी फुगलेला आहे. तिथून निसटलेल्या वायूची एक तबकडी त्याच्याभोवती असते. पल्सारची कक्षा या तबकडीला सुमारे ३५ अंशांनी तिरपी आहे. म्हणून प्रत्येक फेऱ्यात तो तबकडी दोनदा ओलांडतो, एकदा जवळ येताना आणि एकदा दूर जाताना. सर्वांत जवळच्या क्षणाआधी सोळा-एक दिवसांपासून त्याचे रेडिओ स्पंद ऐकू येईनासे होतात आणि नंतर साधारण तेवढ्याच दिवसांनी परततात. म्हणजे आज तो गप्प आहे. गेले काही दिवस गप्पच असणार.

३० जून, रविवार

दिवसभर ढग. नसते तरी डोळ्यांना काही दिसणार नव्हतं. तारा दहाव्या प्रतीचा आणि आकाशात फार खाली.

जागा मात्र मला पाठ आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे त्रिशंकू मध्यावर येतो. वडोदऱ्याहून तो क्षितिजावर पाच ते दहा अंशांवरच चढतो, आणि मांडवीतून तर समोरच्या माड्याच त्याला झाकतात. त्रिशंकूच्या जरा पूर्वेला, नरतुरंगाच्या हद्दीत, हा पल्सार. विश्वामित्राने ज्याला आकाशात चढवलं त्या राजाचा त्रिशंकू हा तारकासमूह, आणि आमच्या गावाच्या नदीचं नाव विश्वामित्री. गच्चीवर शेजारच्या मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती त्रिशंकू दिसतो का ते बघायला हट्टाने जागतात.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही हा पल्सार मिळत नाही. नारायणगावाजवळच्या त्या तीस तबकड्या साधारण १७ अंशांच्या खाली वाकत नाहीत आणि खोडदहून बी१२५९ जेमतेम सात अंशांवर येतो. म्हणून गेली तीन दशकं त्याच्या स्पंदांचा हिशेब मुख्यतः पार्क्सने सांभाळला. अंतराळातल्या दुर्बिणींना क्षितिजाची अडचण नाही. क्ष-किरणांत आणि गॅमा किरणांत त्याच्यावर आज लक्ष असणार.

रात्री पुण्याहून भाचीचा फोन. ती भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मावशी, आज तुझ्या पल्सारचा वाढदिवस ना?" मी म्हटलं, "दर १२३७ दिवसांनी येणारा."

४ जुलै, गुरुवार

आज दुपारभर केप्लरचं समीकरण सोडवत बसले. कॅल्क्युलेटर, चोपडा आणि चहा. समीकरण सरळ सुटत नाही. एक अंदाज घ्यायचा, तो घालून दुसरा काढायचा, दुसऱ्यावरून तिसरा. शाळेत शिकवायचे तेव्हा मुलींना ही पद्धत आवडायची, कारण उत्तर हळूहळू स्थिरावताना डोळ्यांना दिसतं.

कक्षेची विकेंद्रता ०.८७. शून्य म्हणजे वर्तुळ, एकच्या जवळ म्हणजे लांबच लांब चपटी कक्षा. सर्वांत दूरचं अंतर सर्वांत जवळच्या अंतराच्या चौदा पटींहून जास्त. मी विचारलं: जवळच्या क्षणापासून १६ दिवसांनी तो कुठे असेल? सावकाश, एकसारखा चालला असता तर १६ दिवसांत ४.७ अंशच सरकला असता. उत्तर आलं ८७ अंश. दोन्ही बाजूंचे धरून ३२ दिवसांत जवळपास १७५ अंश. म्हणजे ताऱ्याभोवतीची अर्धी प्रदक्षिणा तो ३२ दिवसांत उरकतो आणि उरलेल्या अर्ध्या प्रदक्षिणेला त्याला १२०० दिवस लागतात! आणि नेमके हेच ३२ दिवस त्याचा रेडिओ आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही.

पंचांग करणारे सूर्याच्या मध्यम स्थानाला मंदफलाचा संस्कार देऊन स्पष्ट स्थान काढतात. तो संस्कार फार फार तर दोन अंशांच्या आसपास. इथे तो ८२ अंशांच्या वर गेला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' आमच्या घरी आजोबांपासून आहे. १८९६ च्या त्या ग्रंथात मंदफलाचा इतिहास वाचताना मी लहानपणी कंटाळले होते. आज तोच संस्कार पराकोटीला गेलेला बघून मी कितीतरी वेळ आकड्यांकडे पाहत राहिले.

दुसरा हिशेब वजनाचा. स्पंद लवकर-उशिरा येण्यावरून कक्षेची आपल्या दृष्टिरेषेतली त्रिज्या कळते: १२९६ प्रकाशसेकंद. ती आणि फेऱ्याचा काळ एवढ्यावरून वस्तुमानाचा एक आकडा मिळतो, १.५३ सूर्य. हा जोडीदाराचा किमान भार ठरवतो. खरा भार कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे त्यावर. ऑस्ट्रेलियातल्या दूरदूरच्या दुर्बिणी एकत्र जोडून पल्सारची आकाशातली हालचाल मोजली गेली, तेव्हा २०१८ मध्ये कळलं की ही कक्षा आपल्याला जवळपास समोरून दिसते, पुरी समोरून असण्यात २६ अंशांचाच फरक. तो कल घातला, पल्सारचं वस्तुमान १.४ सूर्य धरलं, तर जोडीदार येतो सुमारे २१ सूर्यांचा. प्रसिद्ध झालेली मर्यादा १५ ते ३१. माझा आकडा त्यात नीट बसतो. स्पंदांच्या येण्याच्या वेळांवरून, ताऱ्याला स्पर्शही न करता, त्याचं वजन मांडवीतल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर निघतं.

९ जुलै, मंगळवार

भाचीने विचारलं की पृथ्वीच फिरते आहे, मग स्पंद लवकर आला की उशिरा, हे ठरवायचं कशावरून? योग्य प्रश्न. आधी पृथ्वीचा हिशेब चुकता करायचा. सूर्याच्या एका बाजूला असताना आपल्याला स्पंद काही मिनिटं आधी मिळतो, सहा महिन्यांनी तेवढाच उशिरा. सतराव्या शतकात ओले रोमरने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेळ लागतो हे दाखवलं, तीच ही गोष्ट. म्हणून प्रत्येक स्पंदाची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्रात नेऊन ठेवतात. त्यानंतर जे उरतं ते पल्सारचं.

बी१२५९ च्या बाबतीत ते किती उरतं? कक्षेची दिशा धरून काढलं: एका फेऱ्यात सुमारे ३३ मिनिटांचा फरक. ३३ मिनिटांत हा पल्सार ४१ हजार वेळा फिरतो. स्पंदांना क्रमांक द्यायचे म्हटलं तर या ४१ हजारांतला एकही इकडचा तिकडे होता कामा नये. पल्सारचं टायमिंग म्हणजे हेच. वेळ मोजण्यापेक्षा गिरक्या मोजणं, आणि एकही न गाळणं.

छोट्या मॅगेलन मेघात, आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, अशीच एक जोडी आहे: जे००४५−७३१९. फेरा ५१ दिवसांचा, जोडीदार बी प्रकारचा तारा. व्हिकी कास्पी आणि सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये जगापुढे आणली. तिथे तबकडी नाही आणि ताऱ्याचा वारा इतका विरळ की स्पंदांना अडथळा होत नाही. त्यामुळे त्या ताऱ्याच्या पोटातल्या गोष्टी कळल्या. फेऱ्याचा काळ दरवर्षी साडेनऊ सेकंदांनी कमी होतो आहे. गुरुत्वलहरींनी एवढा फरक पडणार नाही. पल्सार जवळून जाताना ताऱ्यात भरती उठते आणि तीच कक्षेची ऊर्जा खाते. शिवाय कक्षेचा कल हळूहळू बदलतो, म्हणजे चपटा झालेला तारा कक्षेच्या सपाटीत नाही, तिरका आहे. दोंग लाय यांनी मांडलं की तो कक्षेच्या उलट दिशेने फिरत असावा. कारण? पल्सार ज्या स्फोटात जन्मला त्या स्फोटाने त्याला एका बाजूला ढकललं असलं पाहिजे. स्फोट कोणी पाहिला नाही. लाखो वर्षांपूर्वीचा तो धक्का आज स्पंदांच्या वेळापत्रकात सापडतो, याहून मोठी गोष्ट मला तरी या विषयात माहीत नाही.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

सकाळपासून मांडवीत पाय ठेवायला जागा नाही. विठ्ठल मंदिरातून वरघोडा निघाला. गायकवाडांच्या काळापासूनची रीत. मी दारातच उभी राहिले. ढोल जवळ येतो, दारासमोरून जातो, लहेरीपुऱ्याच्या दिशेने लांब जातो. वाजवणारा एका लयीत वाजवत असला तरी तो येत असताना दोन ठोक्यांमधलं अंतर कानाला किंचित कमी पोचतं, जाताना किंचित जास्त. त्याच्या चालण्याच्या वेगाला फरक इतका सूक्ष्म की कानाला कळणार नाही, पण असतो. ज्याला ठोके मोजता येतात त्याला डोळे मिटूनही वाजवणारा कोणत्या वाटेने गेला ते सांगता येईल. पल्सारची कक्षा याच रीतीने काढतात.

आज योगायोगाने जवळच्या क्षणाला सतरा दिवस झाले. पूर्वीच्या फेऱ्यांवरून पाहता स्पंद याच दिवसांत परत ऐकू येऊ लागतात. तबकडीच्या पलीकडून बाहेर पडताना पहिले स्पंद विस्कटलेले असतात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी जास्त मागे राहतात. किती मागे, यावरून तबकडीत वायू किती दाट आहे ते निघतं. जॉन्स्टन आणि मंडळींनी आत शिरतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या या नोंदींवरून ताऱ्याच्या तबकडीची घनता आणि तिचं चुंबकक्षेत्र काढलं. पल्सार ताऱ्याच्या अंगणातून गेला म्हणून हे शक्य झालं. कुठलंही यान तिथे कधी जाणार नाही.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या महिनाभरात सुमारे सहा कोटी स्पंद निघाले आणि रेडिओवर कोणाच्याच कानी पडले नाहीत. तरी परतलेल्या पहिल्या स्पंदाचा क्रमांक सांगता येतो, कारण आधीच्या फेऱ्यांच्या नोंदी कोणीतरी ठेवल्या होत्या. एखादं वर्ष कोणी आळस केला असता, पैसे नाहीत म्हणून दुर्बीण दुसरीकडे वळवली असती, तर आज ही मोजणी जोडता आली नसती. १९९७ मध्ये तर या पल्सारची गिरकी अचानक किंचित वेगवान झाली. तेही कळलं ते नोंदी होत्या म्हणूनच. शॅनन, जॉन्स्टन आणि मँचेस्टर यांनी २०१४ मध्ये २३ वर्षांचं टायमिंग एकत्र मांडलं, तेव्हा कुठे कक्षेचं संथ डोलणं दिसलं आणि त्यावरून ताऱ्याचा तिरकेपणा. तेवीस वर्षं! सरकारी अनुदानांच्या तीन-तीन वर्षांच्या मापात हे बसत नाही. अशा कामाला वर्षानुवर्षं पाठबळ मिळालं पाहिजे, आणि ते मागायला शास्त्रज्ञांनी लाजू नये.

२५ जुलै, गुरुवार

नऊच्या सुमाराला दक्षिणेकडचे ढग फाटले आणि वृश्चिक दिसला. भराभर गच्चीवर गेले. ज्येष्ठेच्या पश्चिमेला अनुराधेचे तीन तारे उभ्या ओळीत. मधला डेल्टा स्कॉर्पिआय.

हा मधला तारा मुद्दाम बघायचा होता, कारण तो एलएस २८८३ च्याच जातकुळीचा आहे. जून २००० मध्ये अर्जेंटिनाच्या सबास्तियान ओतेरो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आलं की तो नेहमीपेक्षा तेजस्वी आहे. ताऱ्याने वायूची तबकडी सोडायला सुरुवात केली होती. त्यालाही एक जोडीदार आहे, पण साधा तारा, पल्सार नव्हे. कक्षा ०.९४ विकेंद्रतेची, फेरा पावणेअकरा वर्षांचा. २००० च्या सप्टेंबरमध्ये, २०११ च्या जुलैत आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये दोघं जवळ आले. जे त्रिशंकूपाशी दिसत नाही त्याचा सख्खा नमुना अनुराधेत उघड्या डोळ्यांनी दिसतो. जन्मनक्षत्र अनुराधा असलेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

लगेच ढग आले.

११ ऑगस्ट, रविवार

भाची दोन दिवसांसाठी आली आहे. सकाळी तिला शेव-उसळ खायला नेलं, मग सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डेन यांना बोलावून ही ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनी पाहून ती हरखली.

घरी येऊन खोडदहून काय मिळेल याची चर्चा. तिच्या पुण्याच्या मंडळींचं हे घरचं काम. गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या तारांच्या जाळीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या कमी खर्चात उभ्या केल्या. सुधारणेनंतर जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते. कमी वारंवारितेला वायूमुळे होणारा उशीर जास्त, म्हणून वाटेतला वायू मोजायला हाच पट्टा उत्तम. भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेने जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर नॅनोहर्ट्झ गुरुत्वलहरींच्या खुणा जाहीर केल्या, त्यात जीएमआरटीच्या या कमी वारंवारितेच्या नोंदींचा उपयोग झाला.

मोठ्या ताऱ्यांच्या जोडीतले निदान दोन पल्सार खोडदच्या आकाशात येतात. एक जे१७४०−३०५२, वृश्चिकाच्या शेपटीच्या दिशेला. गिरकी ०.५७ सेकंदांची, फेरा २३१ दिवसांचा, जोडीदार किमान ११ सूर्यांचा. २००१ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा जोडीदार कृष्णविवर असेल का, हाही विचार झाला होता. त्या जागी एक लालसर, थंड ताराही दिसत होता, पण तो त्या जोडीतला नसल्याचं निघालं. पुढे अवरक्त निरीक्षणांतून खरा जोडीदार तरुण बी तारा असल्याचं पटलं. कृष्णविवराभोवती फिरणारा पल्सार निर्विवादपणे अजून कोणाला मिळालेला नाही. भाचीने लगेच एनजीसी १८५१ ची आठवण दिली. त्या तारकागुच्छातला पहिला पल्सार जीएमआरटीनेच २००४ मध्ये शोधला. यंदा जानेवारीत तिथल्याच दुसऱ्या एका पल्सारच्या जोडीदाराचा भार २.०९ ते २.७१ सूर्य असल्याचं जाहीर झालं. ठाऊक असलेल्या बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांहून जड, कृष्णविवरांहून हलका.

दुसरा जे२०३२+४१२७, हंसाच्या दिशेला. फर्मी उपग्रहाने तो गॅमा किरणांत शोधला आणि काही वर्षं तो एकटाच समजला जात होता. त्याची गिरकी समजेना, मंद होण्याचा दर फार बदलत होता. मग २०१५ मध्ये लक्षात आलं की हा पल्सार अतिशय लांब कक्षेत सुमारे १५ सूर्यांच्या ताऱ्याकडे चालला आहे. १३ नोव्हेंबर २०१७ ला तो सर्वांत जवळ गेला. फेरा ४५ ते ५० वर्षांचा; पुढची वेळ २०६० च्या दशकात.

मी तेव्हा नसेन. भाची साठीच्या आसपास असेल. तिला म्हटलं, "अगं, तेव्हाच्या मुलांना नोंदी मिळायला हव्यात." ती गंभीरपणे म्हणाली, "मिळतील, मावशी. सगळ्या खुल्या ठेवल्या पाहिजेत, म्हणजे मिळतील." तिचं हे म्हणणं मला फार बरोबर वाटलं.

२८ ऑगस्ट, बुधवार

विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आहे. वीज नाही, फोन येतो-जातो. नदीकाठच्या नातलगांना इकडे आणलंय; घरात गाद्या घातल्या आहेत, दुधाची पावडर आणि मेणबत्त्या मागवल्या. चोपडा आणि दीक्षितांचा ग्रंथ वरच्या कपाटात. मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या. दुसरं काही सुचत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

पाणी उतरलं. नातलग घर धुवायला गेले, मीही दिवसभर त्यांच्याकडे होते. संध्याकाळी वीज आली.

बी१२५९ चं गॅमा किरणांतलं काम कदाचित अजून संपलेलं नाही. २०११ मध्ये, जवळ गेल्यानंतर महिन्याभराने, रेडिओ पुन्हा नीट ऐकू यायला लागल्यावर, फर्मीला अचानक गॅमा किरणांचा भडका दिसला. पल्सार मंद होताना जेवढी ऊर्जा सोडतो जवळपास तेवढी सगळी त्यात जात होती. हे कसं होतं यावर अजून एकमत नाही. २०१४ मध्ये भडका पुन्हा तसाच आला, २०१७ मध्ये काहीसा उशिरा, २०२१ मध्ये आणखी उशिरा, ५५ दिवसांनी. प्रत्येक फेरा वेगळा, कारण ताऱ्याची तबकडी प्रत्येक वेळी वेगळी. म्हणून एका फेऱ्याच्या नोंदीने भागत नाही.

चोपड्यात पुढच्या तारखा लिहून ठेवल्या. बी१२५९: १९ नोव्हेंबर २०२७. जे१७४०: येत्या ऑक्टोबरमध्ये, आणि तो खोडदहून चाळीस अंशांवर येतो. भाचीला रात्रीच निरोप पाठवला की तिच्या सरांना विचार, ऑक्टोबरसाठी जीएमआरटीवर कोणी वेळ मागितला आहे का, आणि मागितला नसेल तर पुढच्या फेऱ्यासाठी अर्ज करता येईल का. तो फेरा २३१ दिवसांनी, म्हणजे २०२५ च्या मे अखेरीस. अर्ज लिहायला वेळ आहे.